खरवडलेली शीळ

रिकाम्या घरात शिरल्यावर माणसं निरनिराळ्या गोष्टी करतात. घर घेणारा सोफा कुठे बसेल ते पाहतो, त्याची बायको ओटा किती आखूड आहे ते पाहते, आणि दलाल त्या दोघांची तोंडं पाहतो. रंगारी मात्र दारातच उभा राहून आधी एक शीळ घालून बघायचा. छोटीशी, चढत जाणारी, 'कोणी आहे का घरात' असं विचारणारी. भिंतींनी उत्तर नीट दिलं की तो चप्पल काढायचा, डबा खिडकीत ठेवायचा आणि कामाला लागायचा. उत्तर बरं नाही आलं तरी कामाला लागायचाच म्हणा, पण तोंड पाडून.

त्याचं म्हणणं असं की खोलीत सामान आलं की शीळ मेली. गादी शीळ खाते, पडदे शीळ पितात, आणि उरलीसुरली पाहुण्यांच्या बोलण्यात संपते. त्यामुळे त्याची सगळी गायकी जुना भाडेकरू गेला आणि नवा यायचा आहे अशा मधल्या दिवसांत झाली. त्या दिवसांत घर कोणाचंच नसतं, म्हणून थोडंफार रंगाऱ्याचं असतं.

त्याच्या ठेकेदाराने त्याचं नाव 'कुकर' ठेवलं होतं. "अरे कुकर, दुसरा हात मारला का?" असं तो खालून ओरडायचा. वरून उत्तराऐवजी शीळ आली, की "झाल्या रे तीन, गॅस बंद करा!" म्हणून स्वतःच पोट धरून हसायचा. हा विनोद तो गेली कित्येक वर्षं करत होता आणि दर वेळी पहिल्यांदा सुचल्यासारखा हसत होता. ठेकेदाराचे विनोद जुने असले तरी हसावं लागतं.

शीळ कसली, तर त्याची स्वतःची. दुसऱ्याचं गाणं त्याला उभ्या जन्मात धड आठवलं नाही. सुरुवात करायचा एखाद्या लोकप्रिय गाण्याने, पण दुसऱ्या ओळीला वाट चुकायची, तिसरीला तो भलत्याच गल्लीत असायचा, आणि तिथून पुढे जे निघायचं ते या पृथ्वीवर आधी कोणी ऐकलेलं नसायचं. "एक गाणं तरी सरळ घरापर्यंत आणा हो," असं त्याची बायको म्हणायची. तिला चाली आवडायच्या नाहीत असं नाही. पण नवऱ्याची एखादी गोष्ट आवडते हे एकदा कबूल केलं की तो तीच दिवसभर करतो, हे ती जाणून होती.

शीळ त्याची होती आणि धंद्याचा नियम त्याच्या उस्तादाचा होता. तो नियम असा: गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. भिंतीबद्दल तक्रार आली की पहिलं वाक्य 'चूक माझी' आणि दुसरं वाक्य 'खरवडून देतो'. वाद घालत उभं राहिलं की गिऱ्हाईक बोलता बोलता इकडेतिकडे बघतं आणि त्याला दुसरी चूक सापडते. शिवाय नुसता डाग खरवडायचा नाही, ठिगळ दिसतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत उघडी करायची, लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, आणि पहिल्यापासून रंगाचे हात मारायचे. भिंत नवी झाली की तक्रार मेली.

एकदा एका निवृत्त मास्तरांनी त्याला बोलावून घेतलं. "तुमचा रंग पिवळा पडलाय." डाग आरामखुर्चीच्या बरोबर मागे होता आणि हुबेहूब मास्तरांच्या डोक्याचा होता, नीट पाहिलं तर डावा कानही ओळखू येत होता. रंगाऱ्याने डागाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तेल चोपडलेल्या टाळूकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चूक माझी."

"उद्या कोणी आलं आणि म्हणालं, तुमच्या तोंडावरचं नाक माझं आहे," बायको त्या दिवशी म्हणाली, "तर काढून हातावर ठेवाल."

"आधी विचारेन, कधी पाहिजे," रंगारी म्हणाला.

त्यांना एक मुलगी. कुरिअरच्या ऑफिसात खिडकीवर बसते. लोकांनी न उघडता परत पाठवलेली पार्सलं तिच्या ताब्यात. एका दुपारी बाबांचा विसरलेला चष्मा द्यायला ती एका घरी गेली, तर जिन्याखालच्या खोलीतून शीळ येत होती. ती पायरीवरच बसली. लहानपणापासून ऐकलेला आवाज, पण त्या अंधाऱ्या, चुन्याच्या वासाच्या खोलीत तो असा काही फिरत होता की तिने फोन काढला आणि गुपचूप ध्वनिमुद्रण केलं. मग ते एका मोठ्या संकेतस्थळावर टाकलं. खात्याचं नाव 'रिकामी खोली', आणि चालीचं नाव 'जिन्याखालची'. पुढे तिला नादच लागला. 'उत्तरेची बेडरूम', 'बाल्कनी बंद केलेली', 'मोरी, टाइल्सच्या आधी', अशा नावांची रांग लागली.

ऐकणारे फार नव्हते, पण जे होते ते जिवाचे होते. कोणी एक नर्स लिहायची की रात्रपाळी संपली की मी तुमची मोरी ऐकते. एकाने लिहिलं, "माझं बाळ फक्त तुमच्या शिळेवर झोपतं."

"झोपतं म्हणजे, कंटाळतं का गं?" रंगाऱ्याने काळजीने विचारलं.

"बाबा, ती दाद आहे."

"असं होय. लिही, मोठं झालं की रंगाला बोलवा."

हे असं मजेत चाललेलं असताना त्याच्या हिरड्या बिघडल्या. पुढचे दात हलायला लागले आणि वरचे सगळे काढायचे ठरले. दातांची डॉक्टर मोठी मायाळू होती. एकेक दात काढून ताटलीत टाकताना प्रत्येकाच्या वेळी "हा गेला बघा बिचारा" म्हणायची. रंगारी घरी आला, सूज उतरली, आणि एका सकाळी नव्या घराच्या दारात उभा राहून त्याने सवयीने ओठ गोल केले.

फूऽऽ.

पुन्हा एकदा. फूऽऽ. चहा गार करावा तशी हवा निघाली. ठेकेदार जिन्यातच होता. "काय रे कुकर," तो म्हणाला, "रबर गेलं वाटतं!" आणि या वेळी विनोद खरोखर नवा असल्यामुळे तो इतका हसला की त्याला शिडीला धरावं लागलं.

कवळी लगेच बसत नाही. हिरड्या भराव्या लागतात. तोवर रंगारी तोंडावर हात ठेवून बोलायला लागला. नवीन माणसांना वाटायचं, केवढा नम्र आहे. आणि शिडीवर चढताना तो शर्टाच्या खिशात फोन ठेवायचा, त्यावर 'रिकामी खोली' लावायचा. खिशातल्या खिशात 'जिन्याखालची' वाजायची आणि वर रोलर फिरायचा. आपलीच शीळ आपण दुसऱ्यासारखी ऐकायची, हा प्रकार त्याला पहिले दोन दिवस लाजिरवाणा वाटला, आणि मग त्याच्याशिवाय हात चालेना. तोंडात नव्हती ती खिशात होती. त्या माणसाकडे आता एवढीच उरली होती.

मग एक दिवस ती भाजीच्या दुकानात वाजली.

भाजीवाल्याच्या स्पीकरवर गाणं लागलं होतं. एक तरुण गळा कोणाला तरी परत ये म्हणत होता, मागे ढोल धडधडत होते, आणि दोन कडव्यांच्या मध्ये, स्वच्छ, एकटी, जिन्याखालच्या खोलीतली शीळ. शेवटी लांबी घासताना श्वास कमी पडून जो एक सूर तुटला होता, तोसुद्धा तिथेच तुटत होता.

रंगाऱ्याच्या हातातली पिशवी खाली आली. "माझी शीळ!" तो तोंडावरचा हात काढून म्हणाला.

"हो का?" भाजीवाला म्हणाला. "मग ढोल माझे. वांगी किती देऊ?"

घरी येऊन त्याने मुलीला सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो बिनदातांच्या तोंडावर अधिकच उघडा दिसत होता. चोरी वगैरे शब्द त्याच्या डोक्यातही आला नाही. आपण रंगवलेल्या भिंतीसमोर कोणी फोटो काढला तर जसं वाटतं तसं त्याला वाटत होतं. गाणं सगळीकडे वाजायला लागलं. रिक्षात, न्हाव्याकडे, दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासलेला असताना. तो आ वासूनच भुवया उडवायचा, की ऐका, ऐका.

आणि एका रविवारी दुपारी मुलीच्या फोनवर सूचना आली. एका संगीत कंपनीने तक्रार केली होती की 'रिकामी खोली' या खात्यावरच्या 'जिन्याखालची' या ध्वनिफितीत कंपनीच्या मालकीचं संगीत परवानगीशिवाय वापरलेलं आहे. संकेतस्थळाच्या यंत्राने दोन्ही ताडून पाहिलं होतं आणि ते जुळत होतं. ध्वनिफीत उतरवण्यात आली होती. अशा तक्रारी वारंवार आल्यास खातं कायमचं बंद होईल. आपलं म्हणणं मांडायचं असल्यास खाली जागा होती.

मुलीने दोनदा वाचून दाखवलं. बायको लसूण सोलत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे ते म्हणतायत, तुम्ही त्यांची शीळ घातली?"

"तक्रार आहे," रंगारी म्हणाला. त्याच्या कानावर एवढा एकच शब्द पडला होता. "गिऱ्हाइकाची तक्रार आहे."

"ते गिऱ्हाईक नाहीये, बाबा!"

"तक्रार करतो तो गिऱ्हाईक. घे, लिही. मोठी कंपनी आहे, उगाच वाढवायला नको. मान्यवर मालक, आपली तक्रार मिळाली. चूक माझी आहे..."

"मी हे लिहिणार नाही."

"लिही गं. उस्तादांनी शिकवलंय. आपण 'माझी' म्हटलं की समोरचा मवाळ होतो. लिही, चूक माझी आहे. सगळं खरवडून देत आहे. पुन्हा तक्रार येणार नाही. आपला, रंगारी."

मुलीने लिहिलं. का लिहिलं, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. खातं कायमचं बंद होईल या वाक्याने ती घाबरली होती, आणि बाबांच्या 'चूक माझी'ने आजवर प्रत्येक भिंत वाचलेली तिने पाहिली होती. शिवाय लहानपणापासून तिने त्यांचं इतर बाबतीत काहीच ऐकलं नव्हतं. एखाद्या वेळी ऐकावं असं तिला वाटलं असेल.

"आता खरवड," रंगारी म्हणाला.

"ती एक त्यांनी उतरवलीच आहे."

"ती एक नव्हे. ठिगळ दिसतं. सगळ्या काढ. मोरीसुद्धा. नाहीतर उद्या म्हणतील, तीही आमचीच. आणि ते खातंही पूस, नव्याने उघडू. भिंत साफ झाली की तक्रार मेली, मग परत चढवू एकेक. तुझ्या फोनमध्ये आहेतच ना?"

"जुन्या फोनमधून सगळं घेतलंय मी," मुलगी म्हणाली आणि एकेक करून पुसायला लागली. दर वेळी फोन विचारायचा, नक्की पुसायचं का? परत मिळणार नाही. ती हो म्हणायची. शेवटी त्याने खात्याबद्दलही विचारलं, आणि तिने त्यालाही हो म्हटलं.

नवीन फोनमध्ये जुन्यातलं सगळं खरंच आलं होतं. चुलतभावाच्या साखरपुड्यातले फोटो आले होते, त्यात निम्म्या पाहुण्यांची डोकी कापलेली होती. मांजराचे आले होते. कुरिअरच्या फाटक्या खोक्यांचे आले होते. फक्त ध्वनिफिती आल्या नव्हत्या. त्यांना जागा जास्त लागते म्हणून फोनने तेव्हा विचारलं होतं, आणि मुलीने 'राहू दे, वर आहेतच की' असं मनात म्हणून पुढे ढकललं होतं. जुना फोन नव्याच्या बदल्यात देऊन टाकला होता, पुसून, स्वच्छ करून.

तिने सगळा फोन उलथापालथा केला. मग तिने सांगितलं.

खिशाला हात लावून रंगाऱ्याने आपला फोन काढला, 'रिकामी खोली' लावायला गेला. पडद्यावर एक करडा चौकोन आला. बायकोने सोललेला लसूण पुन्हा सालींत मिसळला.

दुसऱ्या दिवसापासून मुलीने कंपनीच्या कार्यालयात फोन करायला सुरुवात केली. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं एक बाई म्हणायची आणि थांबलेल्या माणसाचं मन रमावं म्हणून मागे गाणं लागायचं. ढोल, तरुण गळा, आणि मग शीळ. रंगारी कान लावून बसायचा. कोणी फोन उचललाच तर त्याचा चेहरा पडायचा. "जरा वेळाने कर ना गं," तो म्हणायचा, "आता शिळेजवळ आलं होतं."

शेवटी ती त्याला एका वकीलबाईंकडे घेऊन गेली. बाईंची खोली कागदांनी इतकी भरलेली होती की तिथे शीळ सोडा, खोकलाही घुमला नसता. त्यांनी तक्रारीचं आणि पत्राचं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे बघा काका, ते संकेतस्थळ म्हणजे एक भलीमोठी भिंत आहे असं समजा. भिंत त्यांची, आणि लोक येऊन त्यावर काय काय चिकटवतात. कोणी चोरीचं चिकटवलं तर त्याचा दोष कायदा भिंतवाल्याच्या माथी मारत नाही. मारला तर उद्या भिंत कोणी उभीच करणार नाही. पण अट आहे. कोणी येऊन सांगितलं की हे माझं आहे, की भिंतवाल्याने ते ताबडतोब उतरवायचं."

"खरं कोणाचं ते न बघता?" मुलीने विचारलं.

"न बघता. बघायला गेला तर तो न्यायाधीश झाला. चुकला तर अडकला. उतरवून मोकळा झाला की त्याला कायद्याचं छत्र."

"आणि ज्याने चिकटवलं त्याला?"

"त्यालाही छत्र आहे ना! कायदा काही एकाच बाजूने केलेला नाही. त्याने सत्यप्रतिज्ञेवर उलट लिहून द्यायचं की हे माझंच आहे, चुकून उतरवलंय. मग चेंडू तक्रारदाराकडे. तो मुदतीत कोर्टात गेला तर ठीक, नाहीतर भिंतवाल्याने परत चिकटवायचं. एवढीच गोष्ट होती हो. एक वाक्य लिहायचं होतं. 'चूक माझी नाही.'"

रंगाऱ्याने तोंडावरचा हात आणखी घट्ट केला. हे वाक्य त्याने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारून कसं लागतं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"ते अजूनही लिहिता येईल," बाई म्हणाल्या. "पण कंपनी कोर्टात जाईल आणि तुमचंच पत्र दाखवेल. तेव्हा पुरावा लागेल. तसा तुमचा पुरावा पक्का आहे म्हणा. त्यांचं गाणं या वर्षीचं, तुमची शीळ त्याच्या आधीची. वर टाकल्याची तारीख तिथे आपोआप पडलेली असते. ती तारीख कोणालाच पुसता येत नाही."

मुलगी खाली बघायला लागली.

वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग रंगाऱ्याकडे. "टाकणाऱ्याला सोडून," त्या हळूच म्हणाल्या आणि चष्मा खाली घेतला.

मग बाईंनीच एक वाट सुचवली. कंपनीत जाऊन भेटा. समोर बसून तीच शीळ घालून दाखवलीत, तर एखादा माणूस विरघळेलही. कायदा नाही विरघळत. माणूस कधी कधी विरघळतो. रंगारी तोंडावर हात ठेवून बसला होता. आत काय नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि बाईंना नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

कंपनीचं ऑफिस उंच इमारतीत होतं. जमिनीवर गालिचा, भिंतींवर फोमचे जाड तुकडे, छतालाही कसलंसं कापड. रंगाऱ्याने शिरताक्षणी चारी बाजूंना पाहिलं आणि त्याला गुदमरल्यासारखं झालं. इतकी मेलेली खोली त्याने पाहिली नव्हती. कंपनीचा अधिकारी मात्र हसतमुख. त्याने स्वतः खुर्ची ओढून दिली.

"आम्हीही कलाकारांच्याच बाजूचे आहोत, काका," तो म्हणाला. "कलाकाराची कोणी चोरी केली की आम्हाला झोप येत नाही. म्हणून तर तक्रार करतो."

"पण शीळ बाबांची आहे," मुलगी म्हणाली.

"आम्ही ती रीतसर विकत घेतलीय. ज्याने विकली त्याने लिहून दिलंय की ती त्याची." त्याने समोरचा एक कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. "आणि हे यांनी लिहून दिलंय की ती यांची नाही."

मान्यवर मालक, आपली तक्रार मिळाली. छापल्यावर ते पत्र फारच व्यवस्थित दिसत होतं.

"तसं नाही हो साहेब," रंगारी बोटांच्या मागून म्हणाला, "ते आमच्यात असं म्हणायची पद्धत आहे."

"मग दाखवा ना घालून. तुमची असेल तर येईलच." अधिकारी खरंच उत्सुक होता. त्याने दार उघडून बाहेरच्या दोघातिघांनाही आत बोलावलं. "या रे, ऐका. हे काका म्हणतात, आपली शीळ यांची आहे."

मुलगी म्हणाली, "बाबा, नको." पण तो उभा राहिला होता. एवढी माणसं त्याची शीळ ऐकायला समोर उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. त्याने हात खाली घेतला. त्याचं ते पोकळ तोंड पाहून त्या दोघातिघांतल्या एका मुलीने घाईने खिडकीबाहेर पाहिलं. त्याने ओठ गोल केले, छाती भरून घेतली, डोळे मिटले. मनात सगळी चाल सुरापासून सुरापर्यंत उभी होती; तो तुटलेला सूरसुद्धा.

फूऽऽ. फू फूऽऽ. फूऽऽऽ.

त्याने पूर्ण केलं. एकही ओळ सोडली नाही. मधे एक थेंब उडून कागदावरच्या 'चूक माझी'वर पडला. संपल्यावर त्याने डोळे उघडले तेव्हा कोणीही हसलेलं नव्हतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"पाणी द्या रे काकांना," अधिकारी म्हणाला, आणि रुमालाने कागद टिपून फाइलमध्ये ठेवला.

उतरताना लिफ्टमध्ये तेच गाणं लागलेलं होतं. बापलेक दोघंही आकड्यांकडे बघत उभे राहिले.

पुढे हिरड्या भरल्या आणि कवळी आली. "याने शीळ येईल का हो?" त्याने डॉक्टरांना विचारलं. "याने जेवण येईल," त्या म्हणाल्या. पण हा ऐकतोय कसला. त्याच्या डोक्यात आता एकच होतं: परत शीळ घालायची, परत टाकायची, नव्या तारखेने का होईना, आपल्या नावावर. चाल तोंडात बसली की झालं, जुनं गेलं तर गेलं. लांबी भरून पहिल्यापासून हात मारायचे.

पहिल्याच फुंकरीला कवळी बाहेर उडून डाळीच्या परातीत पडली. बायको म्हणाली, "शीळ नाही आली, पण दात वाजले." मग तो गच्चीवर जाऊन सराव करू लागला. रोज आंघोळीआधी, रोज कामाहून आल्यावर. हवा, मग हवेत एक बारीक किरकिर, मग किरकिरीत एक सूर. कित्येक आठवड्यांनी तो खाली आला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि 'जिन्याखालची' पहिल्यापासून शेवटपर्यंत घातली. पातळ होती, कडेला फाटत होती, पण होती.

बायको ऐकत राहिली. आयुष्यभर तिने त्या शिळेला नावं ठेवली होती, आणि आज तिला खरंच काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण ही तुमची नव्हे हो. ही दुसऱ्याच कोणाची तरी."

ठेकेदारालाही ओळखू आली नाही. "कोण रे वर?" तो खालून ओरडला. "कुकर बदलला का? शेजारच्यांचा वाटतोय!"

तरीही मुलीने सुट्टी काढली. जिन्याखालच्या खोलीत आता कोणाची तरी गादी होती, म्हणून त्यांनी दुसरं घर धरलं. भाडेकरू गेलेला, पोपडे काढून झालेले, खिडक्या उघड्या. रंगाऱ्याने कवळी अंगठ्याने दाबून बसवली आणि एका दमात शीळ घातली. मुलीने नवं खातं उघडलं होतं. तिने तिथल्या तिथेच टाकायला घेतली आणि दोघं पडद्यावरच्या त्या भरत जाणाऱ्या पट्टीकडे डोकं लावून बघत बसले.

पट्टी भरली. मग पडदा बदलला. मुलगी मनातल्या मनात वाचायला लागली.

"वाच की."

"कंपनीच्या मालकीच्या संगीताशी जुळते म्हणतायत. घेत नाहीत." ती खाली सरकवत वाचत गेली. "आधीची तक्रार तुमच्याच नावावर होती, तुम्ही ती मान्य केलेली... म्हणून हे खातंही बंद. दुसरं उघडता येणार नाही."

"थांब, थांब. जुळते म्हणजे? थोडी?"

"नाही, बाबा. तीच आहे म्हणतायत. चाल, तो तुटलेला सूर, सगळं."

रंगारी शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत गेलं, नव्या, एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र दातांचं. "तीच आहे म्हणतंय!" तो म्हणाला. "तुझ्या आईला ओळखता आली नाही, त्या गाढव ठेकेदाराला नाही आली. यंत्राने बरोबर ओळखली बघ! घरी जाऊन आईला वाचून दाखव."

"दाखवते."

"मग आता वर कधी दिसेल?"

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. त्याला समजलं नव्हतं असं नाही. तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तिने मान हलवली.

दारात पावलं वाजली. घराचा नवा मालक आला होता, हातात किल्ल्यांचा जुडगा, हसरा, तिशीतला, अंगावर इस्त्रीचा शर्ट. "जिन्यातून ऐकू आलं," तो म्हणाला. "मजेत आहात की काका! ते 'परत ये, परत ये'वालं ना? आमच्या घरात दिवसभर तेच. पण तुम्ही ते मधलं जरा चुकवताय हां. ती शीळ अशी फाटत नाही. हे बघा."

त्याने किल्ल्या खिशात टाकल्या, खोलीच्या मधोमध उभा राहिला, आणि घातली. स्वच्छ, भरीव, आणि तो तुटणारा सूर अगदी जिथे तुटायचा तिथेच तोडून.

"असं आहे ते," तो म्हणाला.

"हो," रंगारी म्हणाला. "असंच आहे ते."